चालवणारीला आणा

लेकीने तीन ट्यूनरचे पत्ते दिले आणि म्हणाली, बाबा, तुम्हीच जाऊन बघा. मला लॅबमधून सुट्टी मिळत नाही, आणि माणूस तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तुम्ही ज्याला हो म्हणाल त्याच्याकडे गाडी टाकू.

तिने एवढा विश्वास टाकला, आणि मी तिथेच, जेवणाच्या टेबलाशी, तिला फसवायचं मनात ठरवलं.

गाडी माझ्या बायकोची. दोनच माणसं मावतील अशी, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. आठवडाभर लोकांना हळू चालवायला शिकवायची आणि रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन त्याची भरपाई करायची. मी लिफ्ट दुरुस्त करणारा. ती चारचौघांत म्हणायची, "आमचे हे रोज लोकांना वर पोचवतात, आणि घाबरतात मात्र माझ्या गाडीला." लोक हसायचे. मीही हसायचो, पण ती ट्रॅकवरून घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

ती गेली ती ट्रॅकवर नाही. घरात, बेसिनपाशी तोंड धुताना मेंदूतली शीर फुटली. मी इतकी वर्षं पुढच्या दारावर पहारा देत बसलो आणि चोर मागच्या दाराने आला.

त्यानंतर गाडी बरेच महिने आच्छादनाखाली होती. मला वाटलं, आता ती तशीच राहील, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मग एका सकाळी लेकीने आच्छादन काढून घडी घालून ठेवलं. आईच्या हत्यारांची पेटी उघडली. सुट्टीच्या दिवशी ती गाडीखाली पडलेली दिसायची, नुसते पाय बाहेर. जुना टर्बो झिजला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तिने त्या जागी थोडा मोठा टर्बो स्वतःच्या हाताने बसवला. एक दिवस हात पुसत मला सांगितलं की हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत तिने नाव घातलंय. आईची गाडी, आईचा नंबर.

मी काय बोलणार? तोंडाने म्हणालो, छान.

आता नवा टर्बो बसवला की इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते समजवावं लागतं. हवा वाढली तर पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, सगळं नव्याने ठरवायचं. ते चुकलं तर इंजिन आतून जळतं. हे काम करणारा तो ट्यूनर. गाडी मोठ्या रोलरवर चढवतो, चाकं जागच्या जागी फिरतात, तो लॅपटॉपवर आकडे बदलत बसतो. गाडीला किती ताकद द्यायची ते त्याच्या हातात असतं. आणि जो देऊ शकतो तो काढूनही घेऊ शकतो, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

प्रत्येक लिफ्टच्या वर एक चाक असतं. लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा जोरात खाली यायला लागली की ते चाक दोर आवळतं आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते. आम्ही त्याला गव्हर्नर म्हणतो. आत बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो आरशात केस नीट करत असतो. मी आयुष्यभर ती चाकं तपासली आणि एकाही माणसाने मला विचारलं नाही की वर काय बसवलंय. तर लेकीच्या गाडीत एक गव्हर्नर बसवला आणि तिला सांगितलं नाही, तर कोणाचं काय बिघडलं? असा माझा विचार होता. मला तो शहाणपणाचा वाटला.

पहिला ट्यूनर म्हणजे ज्याला सगळे प्रोफेसर म्हणतात तो. काचेचं दुकान, फरशी इतकी चकचकीत की बूट काढावेत की काय असं वाटलं. भिंतभर पडदा आणि त्यावर गाड्यांच्या ताकदीचे आकडे. मी आडून आडून सुरुवात केली की इंजिन जरा सांभाळून, जरा दमाने चालेल असं करता येईल का. त्याला वाटलं मला इंजिनाच्या आयुष्याची काळजी आहे, म्हणून त्याने तासभर इंजिनाच्या आयुष्यावर व्याख्यान दिलं. शेवटी मी सरळच बोललो, ताकद कमी करून द्याल का? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी न्हाव्याकडे जाऊन केस वाढवून मागितले. मग मोठ्याने हसला आणि आतल्या दोघांना बोलावून मला पुन्हा तेच बोलायला लावलं. मी निघालो.

दुसरं दुकान एका बाईचं होतं. जुन्या गोदामात एकच रोलर, भिंतीला टेकवून ठेवलेले टायर, कोपऱ्यात किटली. बाईचे केस पांढरे आणि बारीक कापलेले, कानांवर बसवायचे आवाजबंद गळ्यात लटकत होते. तिने गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चालवणार कोण, एवढंच विचारलं. मी म्हणालो, गाडी घरचीच आहे. ती म्हणाली, गाडी कोणाची ते नाही विचारलं. मी म्हणालो, चालवणारी कामात असते, मी निरोप देईन. त्यावर तिने लॅपटॉपचं झाकण लावलं.

"चालवणारीला आणा," ती म्हणाली. "तिचा पाय बघितल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही. मग आपण बोलू."

मला राग आला. गिऱ्हाईक दारात आलंय आणि हिचा तोरा बघा. मी तिथल्या तिथे त्या बाईवर काट मारली. खरं कारण वेगळं होतं, लेक समोर असताना मला हवं ते मागता आलं नसतं.

तिसऱ्या ट्यूनरला सगळे मामा म्हणत. गोड माणूस. बसा म्हणाला, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला, बायको गेल्याचं कळलं तर हातातलं काम ठेवून माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान डोलवली आणि म्हणाला, एकुलती एक लेक आहे, बापाचं काळीज आहे, मला नाही कळणार तर कोणाला कळणार. मग त्याने काय करता येईल ते समजावलं. खालच्या वेगात गाडी आधीपेक्षा जास्त उसळेल असं करायचं, म्हणजे पाय दाबल्या दाबल्या पोरगी खूश. वर गेल्यावर मात्र जोर हळूच कापायचा. टर्बो नवा आहे, वर किती ओढ असायला हवी ते तिला माहीतच नाही.

मी विचारलं, आणि ती ताकदीचा ग्राफ मागेल तेव्हा?

तो म्हणाला, ग्राफ काय, कोणत्याही चांगल्या गाडीचा छापून देऊ.

इथे माझ्या मनात काहीतरी खटकलं, हे मला आठवतं. जो माणूस माझ्यासाठी इतक्या सहज खोटं बोलतो तो माझ्याशीही बोलू शकेल. पण आंधळा मागतो एक डोळा आणि इथे तर दोन मिळत होते. मी हो म्हणालो. घरी येऊन लेकीला सांगितलं, मामांकडे टाकू, माणूस चांगला आहे. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय ना, मग झालं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी आम्ही गाडी आणायला गेलो. मामांनी ग्राफ लेकीच्या हातात दिला. तिने तो उन्हात धरून नीट बघितला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. मामांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

लेक म्हणाली, मोकळ्या रस्त्याने जाऊ, जरा बघू तरी. मी तिच्या शेजारी बसलो. शहर मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, जायला एक पट्टा, यायला एक. तिने पाय दाबला आणि गाडी अशी उसळली की माझं डोकं मागे आपटलं. ती हसली. आई गेल्यापासून असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. म्हणाली, बाबा, ही तर आधीपेक्षा भारी झालीय. मी म्हणालो, हो का.

पुढे लाकडाचे ओंडके लादलेला लांब ट्रक होता. ती थोडा वेळ त्याच्या मागे राहिली. घाई केली नाही, आईनेच शिकवलेली. समोरचा रस्ता बराच दूरवर मोकळा दिसल्यावर तिने दिवा दाखवला, गियर खाली घेतला आणि बाहेर निघाली. गाडी झेपावली. ट्रकची मागची चाकं माझ्या खिडकीशी आली, मग मधली. दूर वळणावरून एक टँकर आमच्याकडे येताना दिसला. अंतर पुरेसं होतं. तिच्या मनातल्या गाडीला ते नक्की पुरेसं होतं.

आणि मग गाडी मेली. बंद नाही पडली. आवाज चालू, पाय पूर्ण दाबलेला, पण पुढे सरकेना. कोणीतरी मागून पकडून ठेवल्यासारखी आम्ही त्या ट्रकच्या बाजूला नुसती धावत राहिलो. मला माहीत होतं कोणी पकडून ठेवलंय. टँकर मोठा होत गेला. त्याने दिवे मारले, मग भोंगा. मी दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर रोवले, जणू माझ्या पायाखाली ब्रेक आहे. तिने पाय काढला, जोरात ब्रेक दाबला, ओंडके माझ्या खिडकीवरून पुढे सरकत गेले, एक, मग दुसरा, ते संपेनात. ट्रक संपला त्या क्षणी तिने गाडी त्याच्या मागे आत घातली आणि टँकर बाजूने गेला. गाडी त्याच्या वाऱ्याने हलली.

पुढे थोड्या अंतरावर तिने गाडी कडेला घेतली. मग ती उतरली, इंजिनाचं झाकण उघडलं आणि आत वाकली. मीही उतरलो. ती प्रत्येक नळी हाताने चाचपत होती, नळ्या आवळणारी प्रत्येक पट्टी फिरवून बघत होती. तापलेल्या पत्र्याला बोट लागलं, ते तोंडात घालून पुन्हा बघायला लागली. नसलेला बिघाड शोधत होती.

"माझाच हात कच्चा," ती म्हणाली. "कुठेतरी हवा गळतेय. आईने बसवला असता तर असं झालं नसतं." मग झाकणावर हात टेकून म्हणाली, "मी नाव काढून घेते बाबा. मला नाही जमणार हे. विकून टाकू गाडी."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, न मागता. मी फक्त गप्प राहायचं होतं. घरी जायचं, गाडीवर पुन्हा आच्छादन टाकायचं, महिनाभरात गिऱ्हाईक बघायचं. पुढचा प्रत्येक रविवार मी निर्धास्त जेवलो असतो. आणि माझी लेक जन्मभर समजली असती की तिच्या हातात खोट आहे, आईच्या हातात होतं ते तिच्यात उतरलं नाही.

मी म्हणालो, "तुझ्या कामात काही खोट नाही."

ती म्हणाली, तुम्हाला काय कळतं त्यातलं. रागाने नाही, थकून.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "वरचा जोर मी कापायला लावलाय. मामांना मीच सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. तिने एवढंच विचारलं की ग्राफ? मी म्हणालो, तोही खोटा. रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या. मग मीच बोलत सुटलो. मला तुला काही होऊ द्यायचं नव्हतं. लिफ्टला असतो तसा गव्हर्नर असावा, एवढंच वाटलं. आतल्या माणसाला ठाऊक नसतं, आणि त्यातच त्याचं भलं असतं.

"लिफ्टमध्ये माणूस नुसता उभा असतो," ती म्हणाली. "मी चालवत होते. मी त्या ट्रकच्या बाजूला गाडीच्या भरवशावर गेले. गाडीत तेवढं नाही हे ठाऊक असतं तर मी बाहेर निघालेच नसते. मी मागे राहिले असते बाबा. अर्धा दिवस राहिले असते."

आयुष्यभर ज्या चाकाने माणसं वाचवली त्याच चाकाने मी आज तिला मारणार होतो, आणि तिच्यासोबत मीही गेलो असतो. त्याचं मला काही वाटलं नसतं, पण ती.

तिने झाकण लावलं, गाडीत बसली, आणि मी बसेपर्यंत थांबली. मग विचारलं, त्या ट्यूनर बाईंचं दुकान कुठे आहे. मी सांगितलं. सबंध रस्ता ती एकाच ट्रॅक्टरच्या मागे राहिली आणि एकदाही बाहेर निघाली नाही.

गोदामात बाईने मला ओळखलं. लेकीकडे बघितलं, तिच्या बोटावरचा फोड बघितला, आणि म्हणाली, "ही का ती. ये." तिने लॅपटॉप जोडला. दोघी खांद्याला खांदा लावून पडद्यासमोर बसल्या. मी मागे, टायरांपाशी. थोड्या वेळाने बाईने चष्मा कपाळावर सरकवला.

"ही कात्री कोणी लावली?"

लेक गप्प. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझी लाज राखत होती, आणि ते टँकरपेक्षा जड गेलं.

"मी," मी म्हणालो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता चांगली हजामत होणार. ती लेकीकडे वळली आणि विचारलं की तुला किती हवंय? जेवढं निघेल तेवढं, की जेवढं तुला झेपेल तेवढं? लेक विचार करून म्हणाली, पहिल्या शर्यतीला जरा कमीच ठेवा. पण जेवढं ठेवाल तेवढं शेवटपर्यंत मिळालं पाहिजे, मध्येच हात सोडणारं नको. बाई म्हणाली, हे बोलायला शिकायला लोकांना दोन इंजिनं जाळावी लागतात. मग चहा ठेवला आणि कामाला लागली.

गाडी रोलरवर चढली, पट्ट्यांनी बांधली. बाईच्या दुकानात एक रीत होती. भिंतीवर मोठं लाल बटण आहे. ते दाबलं की रोलर आणि इंजिन दोन्ही थांबतात. बाईचे डोळे पडद्यावर असतात, चालवणारीचे समोर, म्हणून बटणापाशी तिसरा माणूस लागतो. आणि तो घरचाच लागतो. बाई म्हणाली, परका माणूस कंटाळतो, मोबाइल बघतो, घरचा डोळे हटवत नाही. फक्त एकच अट. बाईने हात वर केला तरच दाबायचं, आपल्या मनाने नाही. मध्येच दाबलं तर तापलेल्या इंजिनाला धक्का बसतो आणि त्यात ते जाऊही शकतं.

लेक गाडीत बसून उघड्या काचेतून हे सगळं ऐकत होती. बाईने तिला विचारलं, चालेल का हे? लेकीने भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं. मग तिने होकाराची मान हलवली.

मी अंगठा बटणावर ठेवला. आयुष्यात अशी शेकडो बटणं दाबली. शंका आली की दाबायचं, हाच आमच्या धंद्याचा पहिला नियम.

लेकीने पाय दाबला. आवाज गोदामात मावेना. पत्रे थरथरायला लागले, किटलीचं झाकण वाजायला लागलं. पट्ट्या ताणल्या. पडद्यावरची सुई चढत गेली, जिथे मामांनी कापलं होतं तिथे आली आणि न थांबता पुढे गेली. माझ्या अंगठ्याखाली बटण थोडं दबलं. मी बाईच्या हाताकडे बघितलं. तो टेबलावर सपाट होता. आवाज अजून वर गेला, मला वाटलं आता काहीतरी तुटेल, आता पट्टी सुटेल, आता. मी लेकीकडे बघितलं. तिचं तोंड घट्ट मिटलेलं, डोळे समोर, दोन्ही हात अगदी सैल. तिची आई बसायची तशी ती बसलेली नव्हती. तिची बसण्याची रीत वेगळीच होती, आणि मी ती कधी बघितलीच नव्हती, कारण ती चालवायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचो.

बाईचा हात हलला नाही. माझाही नाही.

सुई शेवटाला टेकली, लेकीने पाय उचलला आणि आवाज उतरत गेला. किटलीचं झाकण शांत झालं. माझा खांदा आखडला होता. बाईने आवाजबंद कानांवरून काढले आणि पडदा लेकीच्या बाजूला वळवला. लेक गाडीतून वाकून उतरली, कपाळाला केस चिकटलेले. तिने ती रेघ नीट बघितली, खालून वरपर्यंत कुठे मोडली नव्हती. मग बोटाने एका जागी दाखवून म्हणाली की इथे जरा अडखळल्यासारखं वाटलं. बाई म्हणाली, बरोबर, तिथे पेट्रोल कमी पडतंय, नीट करते. पुन्हा एकदा घ्यावं लागेल.

मी विचारलं, बटणापाशी दुसऱ्या कोणाला उभं करता का.

लेक गाडीत बसत होती. एक पाय आत, एक बाहेर. माझ्याकडे न बघता तिने बाईला सांगितलं, "नको. बाबाच राहू देत."

मग दार लावलं, पट्टा ओढला आणि काचेतून माझ्याकडे बघत थांबली. मी अंगठा ठेवलाय की नाही ते बघत होती. मी ठेवला. तेव्हा तिने गियर टाकला.